चोवीस तास पाणी

माणसानं आयुष्यात एकदा तरी बिल्डरचं माहितीपत्रक मन लावून वाचावं. कल्पनाविलासाचा इतका शुद्ध नमुना कवितासंग्रहातसुद्धा मिळत नाही. मी असं एक पत्रक १९८४ साली वाचलं. गुळगुळीत कागद, वर निळं आकाश, खाली त्याहून निळं पाणी, मधे इमारत आणि तिच्या गच्चीत दात दाखवून हसणारं एक चौकोनी कुटुंब. खाली ठळक अक्षरांत मजकूर : 'नदीकिनारी घर. स्टेशनपासून सात मिनिटं. चोवीस तास पाणी.'

गिरगावातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या वेळी सात माणसं, दोन ट्रंका आणि एक पेटी राहत होती. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि कुणीतरी बाहेर पडणं भाग झालं. ट्रंका आईच्या होत्या, पेटी वडिलांची होती. उरलो मी. असा मी सहकुटुंब भाईंदरकर झालो.

बातमी ऐकून मामा म्हणाले, "भाईंदर? म्हणजे सुरतेच्या अलीकडे का पलीकडे?" मामांचा भूगोल दादरला संपत असे. बोरिवली ही त्यांच्या लेखी ऐकीव गोष्ट, आणि तिच्यापुढे एकदम गुजरात. आई जास्त व्यवहारी. तिनं विचारलं, "तिथे दूध तरी चांगलं मिळतं का रे?" दूध उत्तम मिळत होतं. गवळ्याची कितीही इच्छा असली तरी त्यात घालायला पाणी नव्हतं.

गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या सौभाग्यवतींनी नळ सोडला. नळ खाकरला, त्यानं दोनदा उचकी दिली आणि तो गप्प झाला.

"अहो, पाणी!" ती ओरडली.

मी खिडकीकडे बोट दाखवलं. समोर खाडी पसरली होती. तिवरांच्या शेंड्यांपलीकडे अथांग पाणी चमचमत होतं. बिल्डर अक्षरशः खरं बोलला होता. पाणी चोवीस तास होतं. भरतीला थोडं जास्त, ओहोटीला थोडं कमी, एवढाच काय तो फरक.

'नदीकिनारी' हेही खोटं नव्हतं. ज्याला आपण वसईची खाडी म्हणतो ते उल्हास नदीचं मुख. बोरघाटाच्या आसपास सह्याद्रीत उगम पावून ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत खाली येते, ठाण्याच्या उत्तरेकडून वळसा घालते आणि घोडबंदर, भाईंदरवरून अरबी समुद्राला मिळते. अलीकडे भाईंदर, पलीकडे वसई. म्हणजे नदी होतीच. फक्त आमच्यापर्यंत येईतो ती खारट झालेली होती. एवढा प्रवास केल्यावर कुणाचाही स्वभाव थोडा खारट होतो. मी चर्चगेटहून चाळीसेक किलोमीटर येतो, तर माझा होतो.

लगेचच्या मे महिन्यात नळानं उचक्या देणंही सोडलं. मग दर रविवारी आईला भेटायच्या निमित्तानं मी गिरगावात जायचो आणि दहा लिटरचा कॅन भरून आणायचो. विरार गाडीत एकदा एका गृहस्थानं कॅनकडे बघून विचारलं, "रॉकेल का?"

"नाही, पाणी."

"भाईंदरला?"

"हो."

गृहस्थ काही न बोलता उठला आणि त्यानं कॅनला जागा दिली. संध्याकाळच्या विरार गाडीत माणसाला कुणी उठून जागा दिल्याचं मी ऐकलेलं नाही. कॅनला दिली.

शेवटी आम्हांला तारलं ते गावठाणातल्या विहिरीनं. आमच्या इमारतीच्या मागंच जुनं गाव होतं. कौलारू घरं, ओट्यावर सुकत घातलेली जाळी, चिंचेचं झाड आणि झाडाखाली ही विहीर. तिचे मालक एक वयस्कर आगरी गृहस्थ. सगळे त्यांना 'बाबा' म्हणत. मी चष्मा लावतो एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं ते कायमचं. विहीर खाडीपासून दोनशे पावलांवर, पण पाणी गोड. मी नवल केलं तेव्हा बाबा म्हणाले, "पावसाचं गोरं पानी वरती र्‍हातं मास्तर, खारं खाली. हलू उपसाचं. हावरेपना केला का खारं वर येतं."

आगरी बोलीत 'गोडं'चं 'गोरं' होतं, हे कळायला मला दोन दिवस लागले. बाकीचं कळायला बरीच वर्षं लागली. पुढे एका भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात मी हेच वाचलं. गोडं पाणी वजनाला हलकं, म्हणून किनाऱ्यालगत जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, आणि वरचं फार उपसलं की खालचं वर चढतं. पुस्तकाला त्यासाठी सहा पानं आणि दोन आकृत्या लागल्या होत्या. बाबांनी ते रहाटाच्या दोन फेऱ्यांत आटोपलं होतं.

बाबांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. पावसाळा सरला की बांधांची डागडुजी करायची, उधाणाच्या भरतीला बांधातल्या दारातून खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत ते उन्हात आटवायचं, उन्हाळाभर मीठ ओढायचं आणि पहिल्या सरीच्या आत ढीग झाकायचे. शेतकऱ्याचं नेमकं उलट. त्यानं बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि खाजणातल्या जमिनीत भात काढायचा. मला तर भाईंदरचा सगळा इतिहास या एका बांधावर उभा दिसतो. एक बाजू म्हणते, पाणी आत घ्या. दुसरी म्हणते, बाहेर ठेवा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या गळतीबद्दल याहून वेगळं काही बोललं जात नाही.

हे बांध सांभाळण्याचा इंग्रज सरकारलाही कंटाळा आला असावा. १८७० साली त्यांनी मिरे, भाईंदर आणि घोडबंदर इथली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थांना पट्ट्यानं देऊन टाकली. अट अशी, की बांध घालून शेतात शिरणारं खारं पाणी त्यांनी अडवावं. मुदत ९९९ वर्षं. हिशेब केला तर पट्टा २८६९ साली संपतो. आमच्या बिल्डरनं गळतीची हमी दिली होती ती एका वर्षाची, आणि पहिला पाऊस त्याच्या आतच आला. तो १८७० चा कागद मात्र शंभर वर्षं उलटल्यावरही कोर्टकचेऱ्यांतून फिरत राहिला. पाणी अडवण्यासाठी केलेल्या कागदानं पुढे कित्येकांची बांधकामं अडवली.

तसं बघितलं तर या काठाकडे मोठमोठ्यांचं लक्ष पूर्वीपासून आहे. फक्त इथे राहावं असं कुणाच्या मनात नसायचं. सगळे पुढे जाण्याच्या घाईत. घोडबंदरला पोर्तुगीजांनी टेकडीवर किल्ला बांधला. घोड्यांच्या व्यापारावरून बंदराला हे नाव पडलं असं सांगतात. आता घोडी येत नाहीत, पण घोडबंदर रस्त्यावर रोज संध्याकाळी सगळ्यांचं घोडं अडतं, त्यामुळे नाव सार्थ राहिलं आहे. १७३७ साली हा किल्ला मराठ्यांनी घेतला. मग उत्तन-चौकाच्या बाजूचं धारावी. धारावी म्हटलं की लोकांना मुंबईतली आठवते; ही त्याहून वेगळी, खाडीच्या तोंडावरची. समोर वसईचा कोट. इथला किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचं दार. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. चौकला आता चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, त्याला मी जाता-येता मनोभावे नमस्कार करतो. कारण वसई-विरारहून भरून आलेली सकाळची गाडी ज्यानं भाईंदर स्टेशनात सर केली आहे, त्याला अप्पांना वसईसाठी दोन वर्षं का लागली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अडचण दोन्हीकडे एकच होती. आतले लोक दार सोडत नव्हते.

रेल्वेचा इतिहासही आमच्या बाजूचा नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल निघाली, दिवसाला एक. तिच्या थांब्यांच्या यादीत बेसिन म्हणजे वसई होती, बोरेवला म्हणजे बोरिवली होती, मधे 'पांजे' असं एक नाव होतं, खाडीतल्या पाणजू बेटाची आठवण करून देणारं. भाईंदर नव्हतं. विरार गाडीत भाईंदरकराला जागा नाही, ही परंपरा अशी दीडशे वर्षांहून जुनी आहे. १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. बोरिवली-विरारच्या रुळांचे दोनाचे चार हात व्हायला मात्र २००७ साल उजाडलं.

आमची स्वतःची बढती तेवढी झपाट्यानं झाली. मी आलो तेव्हा भाईंदरला ग्रामपंचायत होती. १२ जून १९८५ ला भाईंदर, मिरे, नवघर, काशी आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायतींची मिळून नगरपरिषद झाली. पुढे उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही गावंही तीत आली. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. म्हणजे मी एकाच घरात, एकाच खुर्चीत बसून आधी गावकरी होतो, मग नगरवासी झालो आणि सतरा वर्षांच्या आत महानगरवासी. नोकरीत मला छत्तीस वर्षांत एवढी बढती मिळाली नाही. २०११ च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांच्या वर भरलो. नावाबद्दल मात्र अजून घोळ आहे. महानगरपालिका 'मिरा' लिहिते, दुकानांच्या पाट्या 'मीरा' म्हणतात. दीर्घ लिहिलं की पाहुण्यांना संत मीराबाई आठवते आणि ते विचारतात, "देऊळ कुठे आहे?" देऊळ नाही. स्टेशन आहे, आणि तिथे सकाळी साडेआठला उभं राहिलं की देव आपोआप आठवतो.

आता सोयींबद्दल आम्हांला कुणी नावं ठेवू नयेत. पंडित भीमसेन जोशींच्या नावाचं रुग्णालय आहे आणि लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह २०२२ साली झालं. आजारपण आणि करमणूक दोन्ही आम्ही सुरात ठेवली आहेत. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी लग्नांत आहेर म्हणून फिरणारा डबा मूळचा आमच्या गावचा असतो, आणि बहुतेक वेळा फिरत फिरत तो आमच्याकडेच परत येतो. १ ऑक्टोबर २०२० पासून आम्हांला वसई-विरारबरोबर आमचं पोलीस आयुक्तालय मिळालं. दहिसरच्या चेक नाक्यावरची जकात २०१७ साली गेली, लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. आता तिथे काही चेक होत नाही, तरी रिक्षावाल्याला 'चेक नाका'च सांगावं लागतं. मेट्रोची काशीगाव-दहिसर चाचणी मे २०२५ मध्ये झाली. आणि फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून वसईला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्यानं गेलं तर तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा, पाण्यातून चारएक किलोमीटर. पहिल्यांदा त्या बोटीत बसलो तेव्हा शेजारचा तरुण म्हणाला, "आजोबा, काय आयडिया काढलीय ना!" मी होय म्हटलं. बाबांचे आजोबा याच खाडीतून होडीनं वसईला केळी आणायला जात, हे त्याला सांगून त्याचा हिरमोड कशाला करा?

एक सोय मात्र गेली. ती विहीर.

बाबांच्या विहिरीनं आमच्या इमारतीला तीन उन्हाळे पाजलं. एक पैसा न घेता. पुढे इमारती चाराच्या चाळीस झाल्या. प्रत्येकीच्या पत्रकात 'चोवीस तास पाणी' होतंच. आजूबाजूला बोअर खणल्या गेल्या, पंप बसले, टँकर लागू लागले. रहाट हळू उपसतो, पंपाला ते शिकवलेलं नसतं. एका मे महिन्यात मी बाबांना घरी चहाला बोलावलं. पहिला घोट घेतला आणि मी सौभाग्यवतींकडे रागानं बघितलं. साखरेच्या जागी मीठ पडलं असं मला वाटलं. तिनं डबा आणून दाखवला. साखरच होती. बाबांनी कप शांतपणे संपवला, बशीत उपडा ठेवला आणि ते एवढंच म्हणाले, "आलं वर."

दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी दिला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर खाडीतून मीठ काढलं, त्याच्या विहिरीत ते आम्ही आणून सोडलं होतं, आणि तेही हंड्याहंड्यानं, आभार मानत. पुढे बाबा गेले. विहिरीवर स्लॅब पडला. त्या स्लॅबवर आता ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक आहेत. संध्याकाळी मी तिथे बसतो आणि आम्ही सगळे म्हातारे मिळून पाणीटंचाईवर चर्चा करतो.

मग हे आठ लाख लोक पितात काय? याचा शोध मी निवृत्तीनंतर लावला, आणि जे कळलं त्यानं माझी झोप उडाली. आमच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः दोन वाटांनी येतं. एक शहाड-टेमघर योजनेचं. ते कल्याणजवळ शहाडला नदीतून उचलतात. दुसरं औद्योगिक विकास महामंडळाचं. ते बारवी धरणातून सुटून नदीला मिळतं आणि जांभूळला उचलतात. आणि ही नदी कुठली? उल्हास! जी आमच्या खिडकीसमोरून चोवीस तास वाहते तीच. तीस-पस्तीस किलोमीटर वर, जिथवर भरतीचं खारं पाणी पोचत नाही तिथे, तिला गाठायचं, पाइपात घालायचं आणि तिच्याच मुखापाशी आणून प्यायचं. शेजारच्या घरात राहणाऱ्या माणसाला भेटायला कल्याणला जाण्यासारखाच हा प्रकार.

पण तीही पुरेना. तेव्हा आता पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीच्या धरणावरून पाणी आणण्याची योजना आहे. त्यात २१८ दशलक्ष लिटर रोज आमच्या नावे लिहिलेले आहेत. आकडा वाचून मी प्रथम आनंदानं टाळी वाजवली. मग हात मधेच थांबला. त्या धरणाच्या आसपास गावं आहेत, पाडे आहेत, शेतं आहेत, आणि तिथेही कुणीतरी बाबा असतील. आमची विहीर आता फार मोठी झाली आहे. रहाट इतका लांब गेला आहे, की दोर ओढणाऱ्याला पाण्याची चव बदलली ते लवकर कळायचंही नाही.

परवा नातवाला घेऊन जेसल पार्कच्या चौपाटीवर गेलो होतो. चौपाटी म्हटली तरी वाळूचे किल्ले बांधायची सोय नाही. चिखल, तिवरं, एखादी होडी आणि पलीकडे पुलावरून खडखडत जाणारी विरार गाडी. पण वारा छान असतो. भेळ खाता खाता नातवानं विचारलं, "आजोबा, ही नदी कुठून येते?"

मी सह्याद्री, कर्जत, कल्याण असं सुरू करणार होतो. पण एकदम लक्षात आलं, की हे अर्धंच उत्तर झालं. शहाडला उचललेलं पाणी पाइपातून आमच्या घरी येतं, आंघोळीला, भांड्यांना, गुळण्यांना लागतं, मोरीतून गटारात आणि तिथून शेवटी याच खाडीत येऊन पडतं. नदीचा थोडासा भाग कल्याणपासून इथवर आमच्या घरातून आडवाटेनं येतो.

"थोडी डोंगरातून येते," मी म्हटलं, "आणि थोडी आपल्या मोरीतून."

त्यानं भेळेचा घास तसाच हातात ठेवला. "म्हणजे मी सकाळी चूळ भरली, ती इथे आली असेल?"

"आली असेल की."

तो कठड्यावरून वाकून बराच वेळ पाण्यात आपली चूळ शोधत होता. त्या दिवशी त्यानं भेळेचा कागद पाण्यात टाकला नाही. खिशात घातला, चिंचेच्या चटणीसकट. त्याच्या आईनं घरी गेल्यावर माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

त्याच रात्री आमच्याकडे पाणी आलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं सौभाग्यवतींनी घरातल्या सगळ्या बादल्या, कळश्या, दोन पातेली आणि भावाच्या लग्नातलं घंगाळ नळाखाली ओळीनं मांडलं. मी त्यातल्या दोन बादल्या उचलून पुन्हा उपड्या घातल्या.

"अहो, हे काय?"

"हळू उपसायचं," मी म्हटलं.

"आणि उद्या नळ आला नाही तर? पाणी कुठलं आणणार आहात?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. भरती लागली होती.